जिन्यावरचं वाक्य

ते वाक्य मला दोन आवाजांत ऐकू आलं. एक पडद्यावरून, चिरका, जुन्या फितीतून खरवडून काढल्यासारखा. आणि दुसरा माझ्या उजव्या कानाशी, अगदी हळू, ओठांतल्या ओठांत. पडद्यावर नायिका जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होती, एक हात कठड्यावर, मान किंचित कलती, आणि खाली उभ्या असलेल्या नायकाला सांगत होती, "माझ्या ओंजळीत मावणार नाही एवढं सुख मला मिळालंय. सांडायच्या आत मला ते दुसऱ्या ओंजळीत ओतू द्या." आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत माझी ताई, मांडीवर पर्स, पर्सवर चष्म्याचं घर, तेच वाक्य तिच्याबरोबर म्हणत होती, शब्दाला शब्द लावून. 'ओतू द्या'च्या आधी नायिका क्षणभर थांबली, तिथे ताईही थांबली. आठवून आठवून म्हणतात तसं ते नव्हतं. झोपेतून उठवलेला माणूस आपला पत्ता सांगेल तसं ते तिच्या तोंडून येत होतं.  आणि ते वाक्य मी आधी ऐकलं होतं. सिनेमात नव्हे, हा सिनेमा मी जन्मात पहिल्यांदाच पाहत होते. ते मी आमच्या घरी, पुढच्या खोलीत ऐकलं होतं, ताईच्याच तोंडून, आणि त्या वाक्यावर माझं लग्न झालं होतं.

आम्ही आलो होतो ते ताईला यायचं होतं म्हणून. हट्ट म्हणता येणार नाही. आमच्या घरात ताईचा शब्द खाली पडत नाही, त्यामुळे तिच्यावर हट्ट करायची पाळीच येत नाही. तीसपस्तीस वर्षांपूर्वी हा सिनेमा खूप गाजला होता. मग त्याच्या मालकांत भांडणं झाली, प्रती कुठल्याशा गोदामात सडल्या, आणि तो पाहिलेल्यांच्या बोलण्यातच तेवढा उरला. आता कुणीतरी चिकाटीने तुकडे जुळवून, धुऊनपुसून तो पुन्हा लावला होता, एका जुन्या थिएटरात, दुपारच्या खेळाला. ताईने चहा पिताना पेपरात जाहिरात वाचली आणि म्हणाली, गुडघे चालतायत तोवर एकदा मोठ्या पडद्यावर बघून घ्यावा. झालं. मी वर्कशॉपला फोन करून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. मी कवळ्या करते. दातांचे डॉक्टर रोग्यांच्या तोंडाची मापं पाठवतात, त्यावरून मी प्लास्टरचा साचा ओतते, मेणात दात बसवते, हिरड्यांचा रंग जुळवते. ज्या माणसाला मी कधी पाहिलेलं नसतं त्याचं हसू माझ्या टेबलावर तयार होतं. त्यामुळे पहिला अर्धा तास मी नायिकेचे दातच बघत होते. वरचा डावीकडचा सुळा जरा पुढे होता आणि तो लपवायला ती हसताना मान वळवत होती, आणि अख्खं थिएटर त्या मान वळवण्यावर जीव टाकत होतं. मला गंमत वाटली. गोष्ट सरळच होती. नायिका अनाथ, एका न्यायाधीशाच्या घरी वाढलेली. न्यायाधीशाची खरी मुलगी नाजूक, सदा खोकणारी. आणि दोघींच्या मधे कोट खांद्यावर टाकून हिंडणारा एक उंच तरुण. पुढे काय होणार ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी खुर्चीत सैल होऊन बसले होते, चप्पल काढून पाय मोकळे सोडले होते. आणि मग ती जिन्यावर चढली.

आमच्या घराला जिना नव्हता. ताई त्या दिवशी मधल्या दाराच्या उंबऱ्यावर उभी राहिली होती, एक हात चौकटीवर, मान किंचित कलती. पुढच्या खोलीत बाबा होते, आई होती, आणि ज्याच्याशी ताईचं लग्न ठरलं होतं तो होता, त्याच्या आईबरोबर, तारखेचं नक्की करायला आलेला. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा. बोलायला कमी, बोटांना कायम शाई. मी वसतिगृहातून नुकतीच परतले होते. दातांच्या कामाचा माझा अभ्यास संपला होता आणि दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात माझी निवड झाली होती. तिथल्या विभागाच्या बाई भाजलेल्या, अपघातात चेहरा गेलेल्या माणसांसाठी नाकं करायच्या, कान करायच्या, डोळ्याची खोबण झाकणारा गालाचा तुकडा करायच्या. मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी टेबलावर एक कान ठेवला होता, आणि तो खोटा आहे हे कळायला मला हातात घ्यावा लागला. त्या म्हणाल्या होत्या, तुझी बोटं चांगली आहेत, तुला हे शिकवीन. मला त्या दिवसांत दुसरं काही दिसत नव्हतं. माणसांशी बोलतानाही मी त्यांच्या कानांच्या घड्या बघायची. आणि त्याच नादात मी ताईच्या होणाऱ्या नवऱ्याचा एक दात करून दिला होता. सायकलवरून पडून त्याचा पुढचा तुटला होता, आणि घरात फुकटची शिकाऊ होती. रंग जुळवायला मी त्याला खिडकीपाशी बसवायची, हस म्हणायची, आणि कितीतरी वेळ त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायची.

तर ताई उंबऱ्यावर उभी राहिली आणि ओंजळीचं वाक्य म्हणाली. त्यानंतर म्हणाली, "धाकटीच्या डोळ्यांत मी पाहिलंय. ती बोलायची नाही. मी बोलते."  मग त्याची आई रुमालात तोंड खुपसून रडायला लागली, माझी आई रडायला लागली, आणि बाबा, ज्यांनी आम्हाला मोठं झाल्यापासून कधी जवळ घेतलं नव्हतं, ते उठून ताईच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. त्यानंतर सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी लाल झाले. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. मला ते आरशाशिवाय कळत होतं. आमच्या घरच्यांना मुलीच्या लाल होण्याचा एकच अर्थ ठाऊक होता. "बघा," त्याची आई रडता रडता म्हणाली, आणि तिने माझी हनुवटी धरली. त्या एका 'बघा'नंतर कुणी मला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी आईला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं की मला इस्पितळात जायचंय, मला लग्नच करायचं नाहीये इतक्यात. आई भांडं घासत होती, ती घासायची थांबली नाही. म्हणाली, तिने काळजावर दगड ठेवलाय आणि तुला नखरे सुचतायत? तिचा जीव गेला तरी ती तोंडातून ब्र काढायची नाही, आणि तू तिचं दिलेलं पायाने लोटणार? ताई शेजारच्या खोलीत खिडकीशी बसली होती, पाठ आमच्याकडे करून. तिच्या पाठीला मी ओळखत होते, लहानपणापासून मी तिच्या पाठीशी झोपले होते. ती पाठ मला तेव्हा दगड ठेवल्यासारखीच दिसली. मी नाही म्हणू शकले नाही. माणसाला नाही म्हणता येतं. त्यागाला कसं म्हणणार?

हे, म्हणजे तोच नकाशेवाला, माझा नवरा, वाईट कधीच नव्हते. माझ्यावर त्यांनी आवाज चढवला नाही, मुलीच्या आजारपणात रात्ररात्र जागले, पगार आणून माझ्या हातात दिला. पण जेवताना ते मधेच गप्प झाले की मला वाटायचं, ताई आठवली. पावसाकडे बघत उभे राहिले की ताई. झोपेत कण्हले तरी ताई. मला त्याचा राग यायचा नाही, यायची सोयच नव्हती. धर्माची गाय आणि दात का गं नाही, असं म्हणतात. माझं तर अर्धं आयुष्य दात मोजण्यात गेलं, पण घरात मी कधी मोजले नाहीत. जे मिळालं ते ताईचं होतं आणि तिने दिलं म्हणून माझं होतं. ताई समोर असली की मी मोठ्याने हसायची नाही. ह्यांनी मला काही आणलं तर ते तिच्यासमोर घालायची नाही. मुलीचं नाव ताईने ठेवलं, मुलगी तिला मावशी न म्हणता मोठी आई म्हणते, तेही मीच शिकवलं. ताई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची, स्वतःच्या छोट्या घरात एकटी राहायची, सुट्टी लागली की मैत्रिणींबरोबर डोंगर चढायला जायची आणि रापून, हसत परत यायची. आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघून म्हणायचो, कशी सावरलीय बघा, चेहऱ्यावर दाखवत नाही. नोकरी संपली, गुडघे गेले, तेव्हा मीच तिला आमच्याकडे आणलं. उजेडाची खोली तिला दिली. तिथे माझं घरच्या कामाचं टेबल होतं, ते मी घरातल्या बोळात घेतलं आणि वर एक दिवा टांगला. दिव्याच्या उजेडात हिरड्यांचा रंग नीट कळत नाही. कुणाला सांगणार.

सिनेमा पुढे चालूच होता. मध्यंतर होऊन गेलं होतं, आणि ताईने माझ्यासाठी वेफर्सचं पाकीट आणलं होतं, ते माझ्या हातात न फोडलेलं होतं. पडद्यावर आता नायिका न्यायाधीशाच्या मुलीला नटवत होती, आणि आरशात दोघींचे चेहरे होते. पुढच्या रांगेतला एक टक्कल पडलेला माणूस उघड उघड हुंदके देत होता. मागून नाक शिंकरल्याचे आवाज येत होते. एवढी माणसं अंधारात बसून एका बाईच्या मोठेपणावर रडत होती आणि बाहेर जाऊन बरं वाटून घेणार होती. मला त्या सगळ्यांचा अचानक संताप आला. त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं की ह्या बाईकडे बघू नका, तिचं तिला पुरे पडेल, तिला कॅमेरा आहे, गाणं आहे, ती जिथे उभी राहील तिथे उजेड पडतो. त्या आरशातल्या दुसऱ्या मुलीकडे बघा. तिच्या डोक्यात फुलं खोचतायत आणि ती बाहुलीसारखी मान इकडून तिकडे करतेय. तिला त्या सिनेमात एक धड वाक्य नव्हतं. नुसती खोकायची. तिला तो कोटवाला आवडत होता की नाही हे लेखकाने लिहायचं राहून गेलं होतं. मी वळून ताईकडे पाहिलं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ती ते पुसत नव्हती. पोटभर जेवून उठलेल्या माणसाचा असतो तसा तिचा चेहरा होता. शेवटी नवरानवरीची गाडी फाटकातून बाहेर पडली, नायिकेने फाटक लावून घेतलं, गजांवर डोकं टेकलं, आणि त्यावर 'समाप्त' आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईनेही वाजवल्या.

गर्दी ओसरेपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो, तिला जिना एकदम उतरवत नाही. मी यंत्रातून दोन कॉफ्या आणल्या. भिंतीवर सिनेमाचं मोठं चित्र लावलं होतं आणि लोक त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढत होते. मी बोलणार नव्हते. घरी जाऊन, विचार करून, मग काय ते, असं ठरवत होते. पण ताईने कॉफीचा घोट घेतला आणि समाधानाने म्हणाली की जिन्यावरच्या प्रसंगाला तोड नाही. मी म्हणाले, "ते वाक्य तू आपल्या घरी म्हणाली होतीस."

"कुठलं?"

"ओंजळीचं. लग्न मोडलंस तेव्हा."

तिने कप खाली धरला आणि कपाळाला आठ्या घालून आठवायला लागली. खरोखरच आठवायला लागली. तेच मला सहन होईना. मग तिचा चेहरा उजळला. "अगंबाई, हो की," ती म्हणाली. "तुला अजून पाठ आहे?"

मला वाटलं होतं ती दचकेल, चेहरा पाडेल, निदान कप हिंदकळेल. मी सगळी तयारी केली होती ती एका पकडल्या गेलेल्या बाईला तोंड द्यायची, आणि समोर एक म्हातारी शिक्षिका बसली होती जिला तिची जुनी विद्यार्थिनी भेटली होती. मी विचारलं, तुला हे आवडत नव्हते का. त्यावर ती बराच वेळ बोलली, काही लपवायचं आहे असं तिला वाटतच नव्हतं. माणसात खोट काही नव्हती, म्हणाली, तीच तर पंचाईत होती. दारुडा असता, उर्मट असता तर सोपं होतं. तारीख जवळ यायला लागली तशी तिला रात्री घाम फुटायचा; वाटायचं, आता ह्या माणसाच्या समोर बसून आपण जन्मभर जेवणार. तिला कुणाशीच लग्न करायचं नव्हतं. पण हे सांगायचं कसं? बाबांनी चामडी लोळवली असती. "नाही म्हणणाऱ्या मुलीला कारण द्यावं लागतं, धाकटे. त्याग करणारीला कुणी कारण विचारत नाही. हा सिनेमा पाहिला आणि मला वाट सापडली."

"आणि मी?"

"तू काय?"

"माझं नाव का घेतलंस?"

 तिच्या डोळ्यांत काही वाईट नव्हतं. "त्यात दुसरी लागते ना कुणीतरी," ती म्हणाली. "आणि तू त्याच्याकडे बघत असायचीस. मला वाटलं, आवडतो."

"विचारलं नाहीस."

"विचारलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस तर?" तिने माझ्या हातावर हात ठेवला. "आणि वाईट काय झालं तुझं? चांगला नवरा, चांगली मुलगी. मी कधी त्याचे पांग फेडा म्हणाले का तुम्हाला? तुम्हीच देत गेलात. मी म्हटलं, देतायत तर देऊ देत, त्यांना बरं वाटतंय."

ते खरं होतं. तिने कधीच काही मागितलं नव्हतं. खोली मी दिली होती, मोठी आई मी केली होती, हसायची मी थांबले होते. डोंगरांवरून रापून आलेल्या तिच्या चेहऱ्यात आम्ही दुःख पाहिलं, तिथे दुःख नव्हतंच. ती नुसती सुखी होती, आणि ती सुखी दिसते म्हणून आम्ही तिची आणखीच कीव करत होतो. मला तिथेच, त्या फोटो काढणाऱ्या लोकांसमोर, तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली. आणि त्याच वेळी असंही वाटलं की हिने निदान स्वतःला सोडवलं. कुणाची तरी वाक्यं उचलून का होईना, सोडवलं. मला तेवढंही सुचलं नव्हतं. मी खोकलेसुद्धा नव्हते. मी तिला जिना उतरायला हात दिला. प्रत्येक पायरीवर ती आई गं म्हणत होती आणि मी, सावकाश, सावकाश, म्हणत होते. टॅक्सीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता, लहानपणापासूनचा. दुकानं, सिग्नल, फुटपाथवरची माणसं मागे जात होती आणि मला त्या इस्पितळाची इमारत आठवायचा प्रयत्न करायचा होता, पण मी ती मुलाखतीला एकदाच पाहिली होती आणि आता फक्त टेबल आठवत होतं, आणि त्यावरचा कान.

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. ताई आपल्या खोलीत जाऊन आडवी झाली. हे स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. निवृत्त झाल्यापासून असली कामं त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली आहेत. कसा होता सिनेमा, त्यांनी विचारलं, शेंगेवरून नजर न काढता. मी पर्स टेबलावर ठेवली, उभ्या उभ्याच ओंजळीचं वाक्य म्हटलं. मला ते चांगलं म्हणता आलं नाही, मधे थांबायचं मी विसरले. ह्यांचा हात थांबला. मला वाटलं, आता ह्यांच्यावर वीज पडणार. ज्या शब्दांवर हा माणूस इतकी वर्षं मनातल्या मनात जगला ते शब्द थिएटरात तिकीट काढून मिळतात, हे मी त्यांना सांगत होते, आणि मला त्यात एक दुष्ट आनंद होत होता, मी तो नाकारत नाही.

"जिन्यावरचा प्रसंग," हे म्हणाले.

मी खुर्ची ओढून समोर बसले. तुम्ही पाहिलाय हा सिनेमा, मी विचारलं. हो, म्हणाले, लग्न ठरल्यावर पाहिला होता, ताईंनीच तिकिटं काढली होती. दोघं मिळून गेलो होतो. मध्यंतरात त्या म्हणाल्या होत्या, असं बोलता आलं पाहिजे माणसाला.

म्हणजे त्या दिवशी पुढच्या खोलीत ताईने तोंड उघडलं तेव्हाच ह्यांना कळलं होतं. माझी आई रडत होती, ह्यांची आई रडत होती, बाबा उठून उभे राहिले होते, आणि हे कोपऱ्यातल्या खुर्चीत शाईचे हात मांडीवर घेऊन बसले होते आणि त्यांना ठाऊक होतं की ही बाई आपल्याला नको म्हणतेय. मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत. ते म्हणाले, काय बोलणार होतो, एवढ्या माणसांत? सरळ नको म्हणाल्या असत्या तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्यांनी झाकून म्हटलं. मी झाकलेलंच घेतलं.

"आणि मी चालले तुम्हाला? कुणीही?"

ह्यांनी बोटाने मटाराचे दाणे भांड्यात एका बाजूला सारले. "तू लाल झाली होतीस," ते म्हणाले. "मी म्हटलं, एकीला नको आहे. पण घरात एक आहे जिला आपण आवडतो. मला त्याचा फार आधार झाला तेव्हा." मग त्यांनी मान वर केली. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी कुठली गोष्ट इतकी सरळ विचारली नव्हती. "खरं होतं ना ते?"

मी हो म्हणू शकले असते. एका अक्षराचं काम होतं, आणि म्हाताऱ्या माणसाला झोप लागली असती. कदाचित दुसऱ्या कुठल्या दिवशी मी म्हटलंही असतं. पण त्या दुपारी मी मोठ्या मनाची माणसं पोट फुटेपर्यंत पाहून आले होते.

"नाही," मी म्हणाले. "उकडत होतं. आणि सगळे बघत होते."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "हो. लाइट गेले होते त्या दिवशी." मग पुन्हा एक शेंग उचलली, सोलली नाही, हातात धरून ठेवली. त्यांचा चेहरा पडला नव्हता. बरीच वर्षं दुखणारा दात काढल्यावर माणूस जिभेने ती जागा चाचपतो तसे ते आतल्या आत काहीतरी चाचपत होते. मी विचारलं, आणि तुम्हाला? तुम्हाला कधी मी? मला वाक्य पुरं करता आलं नाही. ते विचारात पडले. मला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलून टाकणाऱ्यांतले ते नाहीत; नकाशातली एखादी जुनी नळाची ओळ शोधावी तसे ते खरोखर मागे मागे जात शोधत होते.

"नंतर," ते म्हणाले. "बरंच नंतर. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तू कवळ्यांचं काम धरलंस ना. संध्याकाळी हाताला प्लास्टर लागलेलं असायचं आणि तू तशीच खिडकीत उभी राहून स्वतःशी काहीतरी पुटपुटायचीस. तेव्हा. मी बघत बसायचो."

"मला सांगितलं नाहीत."

"तू कधी शेजारी येऊन बसलीच नाहीस," ते म्हणाले. "मला वाटलं, लाल झाली होती ती तेवढ्यापुरती, आता हिला नकोय. म्हटलं, जाऊ दे. जबरदस्ती कशाला."

ते खरं होतं. ताई घरात असली की मी त्यांच्या शेजारी बसायची नाही; ज्या माणसावर तिने पाणी सोडलं त्याला खेटून तिच्या डोळ्यांसमोर कसं बसायचं? ती गेली की बसेन, असं सुरुवातीला वाटायचं. मग ती नसतानाही बसले नाही. बाकावर, गाडीत, मुलीच्या शाळेच्या समारंभात, कुठेही मधे एक जागा सोडून बसायची, आणि त्या जागेवर मुलगी, पिशवी, छत्री, काहीतरी ठेवायची. सवय अशी लागली की आज मी स्वयंपाकघरात आले तेव्हाही खुर्ची ओढून समोरच बसले होते. म्हणजे जेवताना गप्प व्हायचे ते ताईसाठी नव्हे. पावसाकडे बघायचे ते ताईसाठी नव्हे. काही वर्षं, निदान काही वर्षं, तो गप्पपणा माझ्याच नावाचा होता, आणि मी तो दुसरीचा समजून जपून ठेवला, त्याला हात लावला नाही.

मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. आतून ताईने हाक मारली, पाय भरून आलेत, कुणीतरी जरा तेल आणा. "आलो," हे म्हणाले, तिच्याशी बोलताना नेहमी असतो त्याच खालच्या आवाजात. तो आवाज मी इतकी वर्षं प्रेमाचा समजत होते. तो नुसता संकोचाचा होता. आपल्याला दिलेला नकार जिने झाकून ठेवलाय तिच्याशी माणूस आवाज चढवून कसा बोलेल? त्यांनी हातातली शेंग टेबलावर ठेवली, गुडघ्यांवर जोर देऊन उठले. मला त्यांना थांबवायचं होतं. जाऊ नका, बसा, मी इकडे येते, असलं काहीतरी म्हणायचं होतं. पण हे कसं म्हणतात, आवाज केवढा ठेवतात, हात कुठे ठेवतात, मला माहीत नव्हतं. मी जन्मात नीट लक्ष देऊन एकच सिनेमा पाहिला होता, आणि तो लग्नाच्या गाडीपाशीच संपत होता. हे तेलाची बाटली घेऊन आत गेले. मी उरलेले मटार सोलायला घेतले.